जातिवंताचे मौन

ब्रिटनमध्ये रिट्रीव्हर जातींच्या शिकारी कुत्र्यांच्या ज्या मैदानी स्पर्धा होतात, त्यांतील एक नियम मोठा कठोर आहे. कुत्रा कितीही चपळ असो, त्याचे नाक कितीही तीक्ष्ण असो आणि पडलेला पक्षी त्याने कितीही अलगदपणे मालकाच्या हाती आणून दिलेला असो. आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना तो कुंईकुंई करू लागला किंवा भुंकला, तर तो स्पर्धेतून बाद होतो. तोंडातला पक्षी चिरडणे, आज्ञेवाचून धाव घेणे, पाण्यात उतरण्यास नकार देणे या अक्षम्य दोषांच्या पंक्तीतच तेथील केनेल क्लबने आवाजालाही बसविले आहे. अमेरिकेतील नियम किंचित सौम्य आहेत. तेथे मोठ्याने व दीर्घकाळ चाललेले केकाटणे किंवा भुंकणे हा गंभीर दोष मानला जातो, क्षणभराच्या कुरकुरीकडे काणाडोळा होऊ शकतो. तथापि मूळ दृष्टी दोन्हीकडे एकच आहे. रिट्रीव्हरने गप्प बसावे, ही अपेक्षा.

या नियमामुळे एक जुना वाद आजही जिवंत आहे. कुत्र्याचा हा आवाज त्याच्या रक्तातून आलेला असतो, की त्याला लागलेल्या वळणातून? पैदास करणारी जुनी मंडळी बहुधा पहिल्या पक्षाची असतात. ‘खाण तशी माती’ या न्यायाने, आवाज करणाऱ्या आईबापांची पिल्ले आवाज करणारच, असे ती सांगतात व विशिष्ट वंशावळींपासून दूर राहण्याचा सल्ला देतात. उलट, शिक्षकांपैकी अनेकांचा अनुभव असा की, कुत्रा बिघडतो तो माणसाच्या अधीरपणामुळे. अमेरिकी वंशावळींतील कुत्रे अधिक बोलके असतात, असाही एक समज ब्रिटनमध्ये रूढ आहे. दोन्ही पक्षांकडे उदाहरणांची वाण नाही. पण उदाहरणे म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून या प्रश्नावर शास्त्राला काय सांगता येते, हे पाहणे उचित ठरेल. प्रश्न कुत्र्यांचा आहे. परंतु ‘हे जन्माचे की संस्काराचे’ हा त्याचा गाभा कोणत्याही शिक्षकाला वा पालकाला परका वाटू नये.

मौनाचे मोल

रिट्रीव्हरचे काम काय, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मागून भरावयाच्या बंदुका प्रचारात आल्या आणि शिकारीचे स्वरूपच पालटले. थोड्या वेळात पुष्कळ बार काढणे शक्य झाले. हाकारे रानातून फेझंट व तितरांचे थवे उठवीत, ओळीने उभे असलेले बंदूकधारी ते टिपीत, आणि पडलेले व जखमी पक्षी शोधून आणण्यासाठी खास कुत्र्यांची गरज भासू लागली. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करणाऱ्या काळ्या कुत्र्यांपासून लॅब्रॅडॉर घडला. माम्झबरी आणि बक्ल्यू या उमराव घराण्यांनी त्याचा वंश जपला आणि १९०३ साली केनेल क्लबने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. स्कॉटलंडमधील गिसाकन येथे लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी ‘नूस’ हा पिवळा नर व ‘बेल’ ही ट्वीड वॉटर स्पॅनियल मादी यांचा संकर केला आणि १८६८ साली त्या वेतात जन्मलेल्या चार पिल्लांपासून गोल्डन रिट्रीव्हरची परंपरा सुरू झाली.

या कुत्र्याच्या कामाचा मोठा भाग वस्तुतः काहीही न करण्याचा असतो. डोक्यावरून पक्षी जात असतात, बार होत असतात, समोर शिकार कोसळत असते, शेजारचा कुत्रा ती आणावयास धावतो आणि याने मात्र आज्ञा होईपर्यंत जागचे हलावयाचे नाही. अशा वेळी एक कुत्रा कुरकुरू लागला तर रानातले पक्षी सावध होतात व ओळीतील इतर कुत्रेही अस्वस्थ होतात. शिवाय आवाज हा सांसर्गिक असतो. एकाने सूर लावला की दुसरा साथ देतो. म्हणून मौन हा येथे केवळ शिष्टाचार नाही, तो कामाचा भाग आहे.

मात्र सर्वच शिकारी कुत्र्यांकडून मौनाची अपेक्षा नसते, हेही विसरता कामा नये. कोल्ह्याचा वा सशाचा माग काढणारे हाउंड आणि बीगल यांचा आवाज हाच त्यांचा गुण होय. कळप कोठे आहे आणि माग गरम आहे की थंड, हे मागून येणारा शिकारी त्या आवाजावरूनच ओळखतो. फिनलंडमधील स्पिट्झ हा कुत्रा झाडावर बसलेल्या रानपक्ष्याकडे पाहून अखंड भुंकत राहतो आणि त्या भुंकण्यात गुंतलेल्या पक्ष्याजवळ शिकाऱ्याला नकळत पोहोचता येते. त्याच्या परीक्षेत भुंकण्यालाच गुण मिळतात. एकाच प्राणिजातीतील एका शाखेत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या आवाज निवडला आणि दुसरीत मौन, आणि दोन्हीकडे त्याला बऱ्याच अंशी यश आले. आवाजाच्या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा काहीच हात नसता, तर हे घडलेच नसते. अर्थात जातीजातींतील फरक सिद्ध झाला, म्हणजे एकाच जातीतील दोन घराण्यांमधील फरकही रक्ताचाच असला पाहिजे, असे मात्र होत नाही. वादाची खरी मेख येथेच आहे.

बार हार्बरचे प्रयोग

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम झाला तो अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पाच जातींची पिल्ले शक्य तितक्या सारख्या परिस्थितीत वाढवून त्यांच्या वर्तनाची वर्षानुवर्षे नोंद केली. त्यांचा ‘कुत्र्याचे आनुवंशिकशास्त्र व सामाजिक वर्तन’ या आशयाचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला व तो आजही आधारभूत मानला जातो. या पाच जातींपैकी दोन आवाजाच्या दृष्टीने अगदी परस्परविरुद्ध होत्या. मध्य आफ्रिकेतून आलेला बसेंजी हा क्वचितच भुंकतो. उलट कॉकर स्पॅनियल, जो मुळात पक्ष्यांच्या शिकारीतलाच कुत्रा, सहज व पुष्कळ भुंकतो. या दोहोंचा संकर करण्यात आला तेव्हा पहिल्या पिढीची पिल्ले भुंकण्याच्या बाबतीत बसेंजीपेक्षा कॉकरच्या जवळ गेली. पुढच्या पिढ्यांतून आलेल्या आकड्यांवरून, भुंकण्याची सहजता ही भुंकण्याच्या अनुत्साहावर प्रभावी ठरते आणि तिचा उलगडा थोड्याच जनुकांच्या आधारे करता येतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

त्यांच्या मांडणीतील एक बारकावा विशेष महत्त्वाचा आहे. बसेंजीला भुंकता येत नाही असे नव्हे. पुरेशी उत्तेजना मिळाली तर तोही भुंकतो. भेद आहे तो उंबरठ्याचा. एका कुत्र्याचा उंबरठा इतका ठेंगणा की वाऱ्याच्या झुळुकीनेही तो ओलांडला जावा, तर दुसऱ्याचा इतका उंच की वादळावाचून तो ओलांडलाच जाऊ नये. म्हणजे वंशातून येतो तो आवाज नव्हे. येते ती उत्तेजनेला किती लवकर आवाजाने प्रतिसाद द्यावयाचा याची पातळी. आणि उत्तेजना किती मिळावी, हे तर परिस्थितीच्या, म्हणजे बहुतांशी माणसाच्या हाती असते.

त्याच सुमारास, १९५८ साली, डॅनियल फ्रीडमन यांनी केलेल्या प्रयोगाने या विचारात आणखी भर घातली. चार जातींच्या पिल्लांपैकी काहींना लाडाने व काहींना शिस्तीत वाढवून, पुढे त्या सर्वांना समोर ठेवलेले अन्न खाण्यास मनाई करण्यात आली व मनाई करणारा माणूस खोलीतून निघून गेला. बसेंजींनी, लाडावलेले असोत वा शिस्तीतले, अन्न खाऊन टाकले. शेटलंड शीपडॉग, कसेही वाढलेले असोत, अन्नाला शिवले नाहीत. बीगल व फॉक्स टेरियर यांच्यात मात्र संगोपनानुसार फरक पडला. जन्म आणि वळण या दोन गोष्टी एकमेकींत नुसत्या मिळविल्या जात नाहीत. कोणत्या वळणाचा किती परिणाम व्हावा, हेही काही प्रमाणात जन्मावर अवलंबून असते, हे या साध्या प्रयोगाने दाखवून दिले.

कोल्ह्यांची साक्ष

आवाज हा स्वभावाच्या पाठोपाठ कसा येतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण सायबेरियातील आहे. १९५९ साली नोव्होसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव यांनी चंदेरी कोल्ह्यांवर एक दीर्घ प्रयोग सुरू केला व त्यांच्या सहकारी ल्युद्मिला त्रूत यांनी तो पुढे अनेक दशके चालविला. प्रत्येक पिढीतून माणसाला सर्वांत कमी बुजणारे कोल्हेच पैदाशीसाठी ठेवावयाचे, एवढीच त्यातील निवड. पुढे याच्या उलट, माणसावर धावून येणाऱ्या कोल्ह्यांचाही एक वंश वेगळा राखण्यात आला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रशियन संशोधकांनी या वंशांचे आवाज ध्वनिमुद्रित करून तपासले, तेव्हा असे आढळले की, माणूस जवळ आला असता माणसाळलेल्या वंशातील कोल्हे काही विशिष्ट आवाज काढतात व आक्रमक वंशातील कोल्हे वेगळेच. आवाजाकडे पाहून कोणत्याही कोल्ह्याची निवड झालेली नव्हती. निवड झाली होती ती स्वभावाची. आवाज आपोआप पालटला.

रिट्रीव्हरच्या बाबतीत हा धडा फार मोलाचा ठरतो. शंभराहून अधिक वर्षे आवाज करणारा कुत्रा स्पर्धेत बाद होत आला आहे. मग हा दोष एव्हाना नामशेष का झाला नाही? याचे एक संभाव्य उत्तर असे की, त्याच स्पर्धांनी दुसऱ्या हाताने त्याला खतपाणी घातले. परीक्षकांना वेग हवा, उमेद हवी, पक्षी दिसताच अंगात वीज संचारावी असा उत्साह हवा. हा उत्साह म्हणजेच उत्तेजनेचा ठेंगणा उंबरठा. उतू जाणारे दूध हवे आणि चुलीवर थेंब सांडावयास नको, अशी ही अपेक्षा आहे. ती पुरी करणारे कुत्रे निपजतात, यात शंका नाही. पण त्यांच्या सख्ख्या भावंडांपैकी काहींच्या बाबतीत दूध उतू जाणारच, हेही तितकेच स्वाभाविक मानावयास हवे.

आकडे काय सांगतात

स्वीडनमध्ये फ्लॅटकोटेड रिट्रीव्हर कुत्र्यांच्या शिकारी चाचण्यांच्या नोंदींचे आनुवंशिक विश्लेषण २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यात वर्तनाचे तीन मुख्य घटक वेगळे काढण्यात आले होते: उत्तेजितपणा, शिकार उचलून आणण्याची तत्परता व स्वतंत्र वृत्ती. या तिहींत आनुवंशिकतेचे प्रमाण सर्वाधिक निघाले ते उत्तेजितपणाचे, ते ०.४९, म्हणजे जवळजवळ निम्मे होते. २०१७ साली एडिंबरा येथील संशोधकांनी ब्रिटनमधील सुमारे दोन हजार लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या मालकांकडून प्रश्नावली भरून घेऊन असाच अभ्यास केला. त्यात भुंकण्याची प्रवृत्ती धरून बारा गुण तपासण्यात आले. आनुवंशिकतेचे प्रमाण सर्वांत जास्त आढळले ते वस्तू आणून देण्याच्या आवडीत, सुमारे ०.३८, बाकीच्या गुणांत ते त्याहून कमीच होते.

या आकड्यांचा अर्थ लावताना मात्र सावध असावयास हवे. आनुवंशिकतेचे प्रमाण ०.४९ म्हणजे एखाद्या कुत्र्याचा निम्मा उत्तेजितपणा रक्ताचा व निम्मा वळणाचा, असा हिशेब नव्हे. एका समूहातील कुत्र्याकुत्र्यांत जो फरक दिसतो, त्यातील किती भाग जनुकीय फरकाशी निगडित आहे, एवढेच तो आकडा सांगतो; आणि तोही त्या समूहापुरता, त्या परिस्थितीपुरता. एखाद्या शाळेतील सर्व मुलांना अगदी सारखा आहार, सारखे घर आणि सारखेच शिक्षक मिळाले, तर त्यांच्यात उरणारा फरक बहुतांशी जन्मजात भासेल. तीच मुले विषम परिस्थितीत टाकली, तर परिस्थितीमुळे पडणाऱ्या फरकाचा वाटा वाढेल व जन्मजात फरकाचे प्रमाण घटलेले दिसेल. मुले तीच, रक्त तेच. आकडा मात्र बदलला. म्हणून एका देशातील कुत्र्यांचा आकडा दुसऱ्या देशातील कुत्र्यांना सरळ लावता येत नाही.

२०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाने याला दुसऱ्या बाजूने दुजोरा दिला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती व दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय तपासणी, असा त्याचा व्याप होता. विलाप केल्यासारखे ओरडण्याच्या सवयीसह काही वर्तनांशी निगडित असलेले जनुकीय प्रदेश त्यात सापडले. म्हणजे आवाजाला आनुवंशिक आधार आहे, हे पुन्हा दिसले. पण त्याचबरोबर असेही आढळले की, एका कुत्र्याच्या व दुसऱ्या कुत्र्याच्या वर्तनात जो फरक असतो, त्यापैकी जेमतेम ९ टक्के फरकाचाच उलगडा जातीवरून होतो. गुण वंशातून उतरतात हे खरे. परंतु जातीचे नाव ऐकून समोरच्या कुत्र्याचे भविष्य सांगता येत नाही, हेही तितकेच खरे.

वळणाचा वाटा

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. कुरकुरणाऱ्या कुत्र्याला मालकाने नेमके त्याच क्षणी ‘जा’ म्हणून सोडले, तर कुत्रा काय शिकतो? आवाज केला की इच्छा पुरी होते, हे. असे चार वेळा घडले की सवय जडते, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, त्यातील ही खोड होय. कोवळ्या वयात बंदुकांच्या आणि पडत्या पक्ष्यांच्या गर्दीत नेणे, दर वेळी पक्षी आणावयास सोडणे, थांबण्याचे शिक्षण पुरे होण्याआधी धावण्याचे शिक्षण देणे, ही सारी या दोषाची प्रसिद्ध कारणे मानली जातात.

निरीक्षकाची फसगत होते ती येथेच. बोलक्या मादीची पिल्ले बोलकी निघाली, तर त्यांना तो वारसा तिच्या रक्तातून मिळाला की पहिले दोन महिने तिच्याजवळ राहून तिचा आवाज ऐकल्यामुळे? अनेकदा एकच माणूस त्या मादीचाही मालक असतो व पिल्लांचाही शिक्षक. मग दोष वंशावळीचा की त्या माणसाच्या हाताचा? बापाकडील पुरावा यामानाने अधिक विश्वसनीय. पैदाशीचा नर बहुधा पिल्लांना पाहतही नाही. एकाच नराची, वेगवेगळ्या माद्यांपासून झालेली व वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या शिक्षकांच्या हाताखाली वाढलेली पिल्ले जर सरासरीहून अधिक प्रमाणात आवाज करू लागली, तरच रक्ताकडे बोट दाखविणे न्याय्य ठरेल. एका वेतावरून निर्णय देणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करणे. आणि ही म्हण भाताला लागू पडली, तरी जिवांना लागू पडत नाही.

आणखी एक अडचण आहे. कडक शिक्षणाने वा विजेच्या पट्ट्याच्या धाकाने दाबून टाकलेला आवाज परीक्षकाला ऐकू येत नाही. असा कुत्रा विजेता ठरतो, त्याला पैदाशीसाठी मागणी येते आणि त्याने दाबून धरलेली प्रवृत्ती पुढच्या पिढीत पुन्हा तोंड वर काढते. शिवाय हा दोष पुष्कळदा कुत्रा प्रत्यक्ष शिकारीच्या धामधुमीत गेल्यावरच प्रकट होतो. तोवर त्याची पिल्ले जन्मलेलीही असू शकतात. ब्रिटनमध्ये लॅब्रॅडॉरच्या खुब्याच्या व कोपराच्या सांध्यांविषयी पालकांच्या व भावंडांच्या नोंदींवरून काढलेले पैदास-मूल्य २०१४ पासून उपलब्ध आहे. स्वभावाच्या व आवाजाच्या बाबतीत अशी प्रामाणिक, सार्वजनिक नोंद नसेल, तर उरते ती कुजबुज. आणि कुजबुजीवर ना शास्त्र उभे राहते, ना न्याय.

शब्दाची जोखीम

हा सारा ऊहापोह श्वानप्रेमींपुरता मर्यादित ठेवता आला असता. पण इतिहास तसे करू देत नाही. माग काढताना भुंकण्याची प्रवृत्ती हाउंड कुत्र्यांत कशी उतरते, यावर १९२९ साली लिहिणारा लिऑन व्हिटनी हा अमेरिकन पैदासकार त्याच काळात तेथील सुप्रजाजनन संस्थेचा कार्यवाह होता. कुत्र्यांच्या वेतांविषयी विचार करणाऱ्या या गृहस्थाने १९३४ साली माणसांच्या निर्बीजीकरणाची तरफदारी करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्या वर्षीच जर्मनीत नाझी राजवटीने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला होता. श्वानगृहात जे निरुपद्रवी वाटते ते समाजात आणले की किती भयंकर रूप घेते, याचा हा धडा आहे. व्हिटनीची चूक कुत्र्यांत आनुवंशिकता पाहण्यात नव्हती. माणसाच्या दारिद्र्यात, अज्ञानात व आजारात परिस्थितीचा वाटा न पाहता केवळ रक्त पाहण्यात ती होती.

मराठीत तर ही जोखीम शब्दातच दडलेली आहे. कुत्र्याच्या वंशाला आपण ‘जात’ म्हणतो आणि चांगल्या कुत्र्याला ‘जातिवंत’. हाच शब्द माणसांच्या समाजात काय करीत आला, हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. कुत्र्यांच्या जाती माणसाने ठरवून, प्रत्येक जोडी स्वतः निवडून, नको ती पिल्ले वगळून घडविल्या. माणसाच्या जाती अशा घडल्या नाहीत. त्या व्यवसायाच्या, सत्तेच्या व विटाळाच्या कल्पनांनी बांधल्या गेल्या. एवढी कठोर निवड होऊनही, कुत्र्याच्या जातीवरून त्याच्या वर्तनातील फरकाचा दहावा हिस्साही सांगता येत नसेल, तर मग आडनाव ऐकून मुलाची बुद्धी वा वृत्ती ठरविणाऱ्याने कशाचा आधार घ्यावा?

मूळ प्रश्नाचे उत्तर म्हणून जे सांगता येते ते असे: आवाजाची प्रवृत्ती वंशातून उतरते, पण ती आवाज म्हणून उतरत नाही, उत्तेजनेच्या उंबरठ्याच्या रूपाने उतरते. तो उंबरठा किती उंच असावा हे बऱ्याच अंशी आईबाप ठरवितात. तो कधी व किती वेळा ओलांडला जावा, हे माणूस ठरवितो. म्हणून पैदास करणाराने, कितीही चषक जिंकलेला असला तरी, मुळात अस्वस्थ असलेल्या नराचा मोह टाळावा व दोष न झाकता त्याची नोंद ठेवावी. आणि शिकविणाराने वंशावळीवर बोट ठेवण्याआधी स्वतःच्या घाईकडे पाहावे. त्याच वेळी, दहा-पाच नामांकित नरांच्या मागे सर्वांनी धावून मौनासाठी वंशाचा पायाच अरुंद करून टाकणे, हाही शहाणपणा नव्हे. जवळच्या नात्यातील संकराची किंमत पुढच्या पिढ्यांना आजारांच्या रूपाने मोजावी लागते.

या कुत्र्यांचे मौन केवळ उमरावांच्या शिकारीपुरतेही राहिलेले नाही. १९९३ साली मुंबईत स्फोटकांचे साठे हुडकून काढणारा पोलिसांचा ‘झंजीर’ हा लॅब्रॅडॉरच होता. आणि स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याचे शिक्षणच असे असते की, वास लागताच त्याने भुंकू नये, ओरबाडू नये, शांतपणे जागीच बसावे. ते स्वस्थ बसणे त्याला काही अंशी पूर्वजांनी दिलेले असते आणि काही अंशी रोज पहाटे मैदानावर त्याच्याबरोबर घाम गाळणाऱ्या शिपायाने. त्यातला कोणता अंश मोठा, याचा वाद शास्त्रज्ञ घालोत; परंतु शिपायाने आपला अंश टाकून दिला, तर पूर्वजांच्या पुण्याईवर कोणाचे प्राण वाचणार नाहीत, हे निश्चित. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाची गोष्टही याहून फार वेगळी नाही. समोरच्या मुलाने जन्माबरोबर काय आणले, हे त्याच्या हाती नसते. जे हाती असते तेवढे पुरे करण्याचे कर्तव्य मात्र आनुवंशिकतेचा कोणताही आकडा त्याच्याकडून काढून घेऊ शकत नाही.